गुलाबी शटरं

चहा येईपर्यंत ऐकून घ्या. चहा आल्यावर सांगितलं तर हसताना ठसका लागतो आणि शर्ट माझा खराब होतो. माणसं स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतात हे तुम्ही ऐकलं असेल. मी मात्र त्या धोंड्याला आधी रंग दिला, हार घातला, बँड लावला, सगळ्या पेठेला बघायला बोलावलं आणि मग तो पाडून घेतला. असा थाटामाटाचा धोंडा आपल्या हिंगोली जिल्ह्यात दुसरा पडला नसेल.

दोन हजार चार-पाचचा सुमार असेल. वसमतच्या जुन्या पेठेत माझं भांड्यांचं दुकान. एके काळी या पेठेत एवढी गर्दी असायची, की माझे वडील म्हणायचे, इथं माणूस शिंकला तर शिंक खाली पडत नाही, कुणाच्या तरी पाठीवरच जाते. पुढं बसगाड्या नव्या रस्त्यावर थांबायला लागल्या. खेड्यातलं गिऱ्हाईक उतरलं की तिथंच रमायला लागलं. आमच्या पेठेत दुपारी अशी सामसूम, की समोरच्या सराफाच्या तराजूत माशी बसली तरी पारडं टेकल्याचा आवाज मला ऐकू यायचा. पटत नाही? बरं, जरा मोठी माशी धरा.

मग दिवस पालटले. हळदीला लागोपाठ चांगला भाव मिळाला, पेठेत सिमेंटचा रस्ता झाला, नवे दिवे लागले, पोरी संध्याकाळी पुन्हा बांगड्या भरायला येऊ लागल्या. पेठ सुधार समिती निघाली आणि तिचा अध्यक्ष म्हणून मी निवडून आलो. निवडून म्हणजे काय, सभेला मी उशिरा पोचलो. जे वेळेवर आले होते ते आधीच नको म्हणून बसले होते.

पण एकदा अध्यक्ष झाल्यावर माणूस गप्प बसतो का? मी ठरवलं, पेठेत एक मोठं शोरूम आणायचं. काचेची दारं, आत गारवा, कपडे, बूट, घड्याळं सगळं एका छताखाली, आणि घासाघीस अजिबात नाही. पुण्याची एक कंपनी अशी शोरूमं लहान गावांतून काढतेय असं कळलं होतं. जागाही होती, पेठेच्या तोंडाशी बंद पडलेली तेलाची गिरणी. कापडवाले आधी कुरकुरले. मी म्हटलं, "अरे, लोक काच बघायला त्याच्याकडं जातील आन् धोतर घ्यायला तुमच्याकडं येतील. काचंत बसून कोणी धोतराला घासाघीस करंल व्हय?"

त्यांना पटलं. मला तर आधीच पटलेलं होतं.

कंपनीला मी तीन पत्रं टाकली. उत्तर नाही. चौथ्या पत्रात लिहिलं, की आपण आला नाहीत तर आम्ही मुंबईच्या कंपनीला बोलावू. मुंबईची कुठलीही कंपनी मला ओळखत नव्हती, पण पत्राला जीभ थोडीच असते. आठवड्यात उत्तर आलं: आमचे अधिकारी सोमवारी सकाळी अकरा वाजता येऊन जागा आणि बाजारपेठ बघतील.

इथं माझ्या साडूची ओळख करून देतो. दिगंबर. माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. दोघी बहिणींचा एकमेकींवर फार जीव, आणि आम्हा दोघांचा एकमेकांवर फार डोळा. नव्या रस्त्यावर त्याचा मोकळा प्लॉट होता. विटा रचून ठेवलेल्या, एका बाजूला बाभूळ. त्यानंही कंपनीला पत्र टाकलंय असं बायकोकडून कळलं.

"त्याच्या प्लॉटात काय हाय?" मी बायकोला विचारलं. "विटा आन् सरडे."

"तुमच्या गिरणीत तरी काय हाय?" ती म्हणाली. "उंदरं. ते बी आता उपाशी."

सुमन तिचं नाव. चाळीस वर्षांच्या संसारात ती माझ्या विरुद्ध एकदाही बोललेली नाही. ती फक्त खरं बोलते.

पण प्रकरण हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. पेठेतली तीन दुकानं नव्या रस्त्यावर गाळा बघून आली होती. शेजारचे रशीदभाई बांगडीवाले, त्यांच्या आजोबांपासून दुकान तिथं, तेही एक दिवस माझ्या ओट्यावर येऊन बसले. म्हणाले, "नाना, तुम्हारा शोरूम आया तो मैं यहीं. नहीं आया तो मैं बी उधर. बुरा मत मानो."

रशीदभाई गेले असते तर पेठ गेलीच होती. बांगडीवाला गेला की बाया जातात, आणि बायांच्या मागं पाकीट जातं. तेव्हा सोमवार म्हणजे आमच्यासाठी परीक्षाच होती.

शनिवारी सभा घेतली. मी म्हटलं, "पाव्हण्यांचा सत्कार असा झाला पायजे, की पुण्यात त्यांनी घरी जाऊन सांगितलं पायजे."

आता तुम्हाला आमची रीत ठाऊक आहे. पाहुणा आला, की तो कशाला आला हे विचारायच्या आधी आम्ही त्याला शाल पांघरतो. तहसीलदार बदलून आला, सत्कार. बदलून गेला, सत्कार. मागं एक साहेब रस्ता चुकून पेठेत शिरला, त्यालाही नारळ दिला होता. पण मागच्या सत्काराला एक घोटाळा झाला होता. खुर्च्या दोनशे आणि माणसं सात. त्यातला एक खुर्च्यांचा मालक. ज्याला विचारावं तो म्हणे, "दुकान कोणापाशी सोडू?"

ते माझ्या मनात सलत होतं. म्हणून मी अध्यक्षीय हुकूम काढला. सोमवारी सकाळी दहापासून एक वाजेपर्यंत पेठेतलं एकही दुकान उघडं दिसता कामा नये. समद्यांनी मांडवात हजर.

"आन् ज्याचं उघडं दिसंल त्याचं?" कापडवाल्यानं विचारलं.

"त्याच्या दुकानापुढं बँड उभा राहील. शटर खाली येस्तोवर वाजवत राहील."

आमच्या बँडचा सनईवाला एकच सूर लावायचा आणि तोही दुसऱ्याचा असायचा. ही धमकी पोलिसांपेक्षा जबर होती.

रशीदभाई तेवढे हळूच म्हणाले, "नाना, बोहनी का क्या?"

"एक दिवस बोहनी न्हाई झाली तर काय बिघडतं? उद्याच्या बोहनीसाठीच करून राहिलो ना."

टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्या की माणसाला आणखी सुचतं, हा माझा दोष म्हणा. मी म्हटलं, राजस्थानात एक आख्खं शहर गुलाबी आहे म्हणतात, लांबून लांबून लोक बघायला जातात. आपण पेठेतली समदी शटरं गुलाबी रंगवू. एका ओळीत गुलाबी शटरं बघून पाहुणे थक्क झाले पाहिजेत. आणि शटर उघडं असलं तर त्याचा रंग दिसतो का? दिसत नाही. म्हणजे दुकानं बंद ठेवायला दुसरं कारणही मिळालं. एका निर्णयाला दोन कारणं मिळाली की तो निर्णय बरोबरच असतो, असं मला त्या दिवशी वाटलं होतं.

रविवारी दिवसभर रंग चालला. पेंटरच्या हातून रंगात राकेल अंमळ जास्त पडलं. सोमवारी सकाळी बोट लावलं तर बोट गुलाबी. पेंटर म्हणाला, "नाना, उन्हं वर आली की वाळंल." उन्हं वर आली. रंगानं त्यांच्याकडं लक्ष दिलं नाही.

पण काय दृश्य होतं ते. पेठेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सत्तर शटरं, सगळी बंद, सगळी गुलाबी. बंदच्या दिवशीसुद्धा आमच्याकडं एखादा पानवाला अर्धं दार उघडून बसतो. त्या दिवशी पिठाची गिरणीसुद्धा गप्प होती. मांडवात खुर्च्या कमी पडल्या. माझा ऊर असा भरून आला, की फेटेवाल्याला म्हटलं, बाबा, जरा सैल बांध.

अकराला जीप आली आणि तिच्यातून उतरल्या मॅडम. पस्तिशीच्या, सुती साडी, खांद्याला झोळीसारखी पर्स, हातात वही. आमच्याकडं फेटा होता पुरुषाचा, शाल होती पुरुषाची. आता मॅडमची ओटी भरायला बाई पाहिजे, आणि मांडवात सगळे बाप्ये. माणूस धाडून सुमनला घरून बोलावलं. ती पदराला हात पुसत आली आणि आल्या आल्या पहिला प्रश्न मला विचारला:

"पेठ काहून बंद हाय? कोण गेलं?"

"कोणी गेलं न्हाई. सत्कार हाय."

तिनं माझ्याकडं बघितलं. त्या नजरेचा अर्थ मला चार तासांनी कळला.

ओटी भरली, शाल झाली, माझं भाषण झालं. मॅडम खुर्चीवर चुळबुळत होत्या. भाषण संपल्यावर त्यांनी मांडवाकडं बघून विचारलं, "गर्दी खूप जमवलीत. ही सगळी तुमच्याकडची गिऱ्हाइकं का?"

मी छाती काढून म्हटलं, "न्हाई मॅडम. हे समदे दुकानदार."

"सगळेच?"

"एकूण एक. पेठेत एवढी एकजूट तुमाला कुठं दिसणार न्हाई."

"मग गिऱ्हाईक कुठं आहे?"

आता बघा, या प्रश्नाला उत्तर काय द्यावं याचा मी विचार करतोय, तोच उत्तर आपल्या पायांनी चालत आलं. टेम्पोतून उतरून. कुरुंद्याचे मारोतराव, बागायतदार माणूस, तीन पिढ्यांपासून आमच्या पेठेचं गिऱ्हाईक. पुतणीचं लग्न चार दिवसांवर. बस्ता बांधायला निघाले होते. म्हणजे लग्नातल्या सगळ्यांची कापडं दोन्हीकडच्या मंडळींनी मिळून एकाच दिवशी, एकाच बैठकीला घ्यायची. त्यामुळं बरोबर तीस माणसं. म्हाताऱ्या, सुना, वराकडचे चौघे पाहुणे, शिवाय नुसते सल्ला द्यायला आलेले आठ-दहा. कापडं झाली की तीच मंडळी सोनं घेणार, बांगड्या भरणार, आणि शेवटी भांड्यांना माझ्याकडं येणार.

ती तीस माणसं एकेक शटर हलवून बघत मांडवापर्यंत आली होती.

"नाना," मारोतराव म्हणाले, "समदं बंद काहून?"

"सत्कार हाय मारोतराव. बसा, चहा घ्या. एक वाजता उघडतो."

"अवो, वराकडचे पाव्हणे हायेत संगं. दोनाची गाडी हाय त्याहिची. मंग बस्ता कवा बांधायचा?"

"दोन तासांनी काय बिघडतं?"

मारोतरावांची म्हातारी चुलती पुढं आली. तिनं दोन्ही तळवे माझ्यापुढं धरले. लालगुलाबी. "ह्ये काय हाय रे लेकरा? शटराला हळदी-कुंकू लावलं का काय?"

मांडव हसला. मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं.

त्या क्षणी एका कापडवाल्यानं उठून दुकान उघडलं असतं तर माझी गोष्ट इथंच गोड झाली असती. दोघे उठलेही. पण अध्यक्ष कोण? मी. मी डोळे वटारले, बँडवाल्याकडं बोट केलं, आणि सनईवाल्याला वाटलं सुरू करायचंय. त्यानं सूर लावला. मारोतरावांच्या टेम्पोनं तिथल्या तिथं तोंड फिरवलं.

"आमी नव्या रस्त्याला जातो नाना, मनात धरू नका," असं मारोतराव म्हणाल्याचं मला त्यांच्या ओठांवरून कळलं. सनईत ऐकू काय येणार?

आणि मग काय झालं सांगू? बाजाराला आलेली बाकीची माणसं, जी आडोशाला उभी राहून एक वाजायची वाट बघत होती, त्यांनी टेम्पो जाताना पाहिला. कुरुंद्याचे मारोतराव चाललेत म्हणजे तिकडं काहीतरी असणार. निघाली सगळी त्यांच्या मागं.

मॅडम उठल्या. "मला नवा रस्ताही बघायचाय. तिथूनही एक पत्र आहे."

"चला, मीच दाखवतो," मी म्हटलं. "म्हंजे फरक कळंल तुमाला. तिथं विटा आन् सरडे हायेत." सुमनही जीपमध्ये बसली. मॅडमनीच तिला बोलावलं. वाटेत विचारलं, "तुम्ही साड्या कुठं घेता?"

"पेठेतच घेते. आज बी घेणार होते," सुमन म्हणाली. "पण ह्यांचा सत्कार हाय ना."

दिगंबरच्या प्लॉटपाशी जीप थांबली आणि माझा फेटा आपोआप सैल झाला. विटा दिसत नव्हत्या. सरडे दिसत नव्हते. बाभळीखाली ताडपत्री अंथरलेली आणि तिच्यावर मारोतरावांची तीस माणसं बसलेली. शेजारचं कापड दुकान हातभर रुंद, त्यात तीस माणसं मावेनात, म्हणून दुकानदारानं सगळा माल आणून या प्लॉटवर मांडला होता. विटांच्या थप्पीवर शालू. बाभळीच्या काट्यांना धोतरजोड्या टांगलेल्या. भोवती पेठेतून आलेली दीड-दोनशे माणसं, कुणी घेतंय, कुणी बघतंय, कुणी नुसतंच सल्ला देतंय. आणि कापडवाला ओरडून राहिला होता, "मावशी, आधी हात पुसा, मंग शालूला लावा. समद्याहिचे हात गुलाबी कशानं झालेत?"

दिगंबर बनियनवर विटांवर बसून शेंगा खात होता. मॅडम येणार आहेत हे त्या गड्याला ठाऊकच नव्हतं.

"तुम्ही काही तयारी केली नाहीत?" मॅडमनी विचारलं.

"कशाची जी?" दिगंबर म्हणाला आणि मूठभर शेंगा पुढं केल्या. "घ्या, भाजलेल्या हायेत."

मॅडमनी शेंगा घेतल्या. माझ्या शालीला त्यांनी हातसुद्धा लावला नव्हता, ती जीपमध्येच पडली होती.

"रोज एवढी गर्दी असते इथं?"

इथं दिगंबर खोटं बोलू शकला असता. पण हा माणूस खरं बोलून छळतो, आमच्या सासरचा वारा लागला असावा, सुमनही तशीच. म्हणाला, "रोज न्हाई जी. आज साडूची किरपा हाय."

मॅडम म्हातारीजवळ बसल्या. तिचे तळवे उलटे-सुलटे करून बघितले. मग इकडच्या, तिकडच्या माणसांचे हात बघितले. हसल्या आणि वहीत बराच वेळ लिहीत राहिल्या. जाताना मला म्हणाल्या, "एवढी चांगली पाहणी माझी कुठल्याच गावात झाली नव्हती. कळवते."

कळवते म्हणजे होकारच, असं मी पेठेत सांगितलं. रशीदभाईंनी नुसती मान हलवली.

महिन्यानं लिफाफा आला. दुकानाच्या पायरीवर उभा राहून मी मोठ्यानं वाचला: आपल्या गावाची आमच्या शोरूमसाठी निवड झाल्याचं कळवण्यास आनंद वाटतो. आपण दाखवलेल्या सहकार्यामुळं गिऱ्हाइकांच्या खरेदीचा अचूक अंदाज बांधता आला.

पुढं वाचायला आवाज फुटला पाहिजे ना? पेठेनं मला खांद्यावर घेतलं. पाच किलो पेढे आले. बँड आला. रशीदभाईंनी माझ्या गळ्यात हार घातला, त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, माझ्याही. मिरवणूक सगळ्या पेठेतून फिरली. तेवढ्यावर घरी गेलो असतो तर निदान ती रात्र तरी सुखात गेली असती. पण मला साडूला पेढा द्यायचा होता.

बँडसकट नव्या रस्त्याला गेलो. दिगंबर दोरी धरून प्लॉट मोजत होता. बाभूळ तोडलेली. मी त्याच्या तोंडात पेढा कोंबला. त्यानं तो सावकाश खाल्ला, आणखी एक उचलला आणि म्हणाला, "नाना, तुमच्या पत्राला दुसरं पान हाय का?"

"असंल. काहून?"

"माझ्या पत्राला हाय. म्हून इचारलं."

मी पान उलटलं. आजवर मी पुष्कळ कागदांची पानं उलटली आहेत, पण एवढं जड पान कधी उचललं नव्हतं. लिहिलं होतं: जागा, नवा रस्ता, श्री. दिगंबर यांचा प्लॉट. जुन्या पेठेतील निष्ठावान गिऱ्हाईक पेठ बंद असताना याच जागी येतं, असं प्रत्यक्ष आढळून आलं. आणि खाली, मॅडमच्या हातची ओळ: उद्घाटनाच्या दिवशीही आपल्या समितीनं अशीच एकजूट दाखवावी, ही नम्र विनंती.

सनईवाल्याला कुणी थांब म्हणालं नव्हतं. तो वाजवतच होता.

त्या दिवशी मी शपथ घेतली, की मेलो तरी त्या काचेच्या दारात पाय ठेवणार नाही. रशीदभाईंनी वर्षाच्या आत तिथंच शेजारी गाळा घेतला आणि जाताना माझ्या सुनेला डझनभर बांगड्या भरून गेले, चांगला माणूस. पेठेनं मला अध्यक्षपदावरून काढलं नाही. दुसरं कुणी घेईना.

आणि उद्घाटनाच्या दिवशी पेठ बंद होती का, असंच विचारणार ना तुम्ही? होती. सत्तरच्या सत्तर शटरं खाली. लोक म्हणतात ती कंपनीच्या विनंतीला मान देऊन बंद ठेवली. तसलं काही नाही. आदल्या सांजेला सुमन सगळ्या पेठेला सांगून बसली होती, की पहिल्या शंभर गिऱ्हाइकांना स्टीलचा डबा फुकट आहे. मी भांड्यांचा व्यापारी, घरात पाचशे डबे. तरी सकाळी सातला पहिलं शटर मी खाली ओढलं, आणि रांगेत माझा नंबर एकशे एक आला.